डालग्यावरचा दगड

तीन होत्या. दोन तुरीच्या बांधाला पडलेल्या, एक उकिरड्याच्या कडेला. खाल्लेली एकही नव्हती. मानेजवळची पिसं ओली, पाठीवर दातांच्या खुणा, बाकी अंग शाबूत. आईनं पहिलीला दोन्ही हातांत उचललं आणि पोटाखाली बोटं घालून बघितलं. अजून ऊब होती. ऊब होती म्हणून तिनं मला पाणी आणायला सांगितलं. मी तांब्या घेऊन येईपर्यंत तिनं कोंबडी खाली ठेवली होती आणि ती समोरच्या घराकडं बघत उभी होती.

२०२० सालची दिवाळी होऊन तीन-चार दिवस झाले होते.

आमची वस्ती बीड जिल्ह्यातल्या पाटोदा तालुक्यात, आष्टीच्या शिवेकडं. बालाघाटाच्या माळावर पाच घरं, मध्ये एक लिंब, पलीकडं नाला. दसरा झाला की त्या पाचांतल्या तीन घरांतली कर्ती माणसं ऊसतोडीला निघून जातात. कोयता जातो. कोयता म्हणजे आमच्याकडं नुसतं अवजार नव्हे, नवरा-बायको मिळून एक कोयता. मुकादम उचल देतो ती कोयत्यामागं, हिशेब होतो तो कोयत्याचा. दोन माणसं एका पात्यात मोजली जातात. त्या वर्षी मजुरीवाढीसाठी संप झाला होता, म्हणून टोळ्या जरा उशिरानं हलल्या. समोरच्या घरातलं शेजारचं जोडपं गेलं ते सांगलीकडच्या एका कारखान्याला. काही टोळ्या आपली कुत्री ट्रॅक्टरवर घालून नेतात, कोंबड्याही नेतात, डालगंच ट्रॉलीला बांधतात. यांनी भुऱ्याला नेलं नाही. घरात म्हातारी आई आणि आठ-नऊ वर्षांचा मुलगा राहणार होते. एरवी तो हंगामी वसतिगृहात राहिला असता, पण त्या वर्षी करोनामुळे शाळाच बंद होती. रात्रीच्या वेळी दारात काहीतरी असावं म्हणून कुत्रं मागं ठेवलं. ट्रॅक्टर निघाला तेव्हा भुऱ्या फाट्यापर्यंत मागं पळत गेला होता आणि संध्याकाळी परत येऊन बंद खोलीच्या उंबऱ्यावर बसला होता, हे मी स्वतः बघितलं होतं. त्या दिवशी त्याचं मला काही वाटलं नव्हतं. आमच्या भागात दरवर्षी दिसणारी ही गोष्ट आहे.

कोंबड्या मात्र नव्या होत्या. म्हणजे आईला नव्या नव्हत्या, इतक्या वर्षांनी मला होत्या. मार्चमध्ये मी पुण्याहून सगळं गुंडाळून घरी आले आणि आठवड्याभरात आईनं आत्याकडून खुडूक बसलेली एक कोंबडी नि अकरा अंडी आणवली. टोपल्यात भुसा, त्यावर अंडी, कडेला एक कोळसा आणि एक लोखंडी खिळा. वीज कडाडली की अंडी गदळतात, लोखंड असलं की धक्का लागत नाही, असं ती म्हणते. हे खरं की नाही याच्याशी मला काही करायचं नाही; तिची आई ठेवायची म्हणून ती ठेवते. सातव्या दिवशी रात्री तिनं एकेक अंडं बॅटरीच्या उजेडासमोर धरून मला आतली लाल शीर दाखवली. एकविसाव्या दिवशी नऊ पिलं निघाली. दिवाळीपर्यंत आमच्याकडं लहान-मोठ्या मिळून एकवीस झाल्या होत्या.

गावरान कोंबडी वर्षाला साठ-सत्तर अंडी देते. पोल्ट्रीवाल्याला हा आकडा सांगितला तर तो हात जोडेल. पण त्या अंड्यांचा पैसा हा आईचा असतो. कापसाचा पैसा घराचा, तुरीचा पैसा सोसायटीचा, दुधाचा पैसा पेंडीचा. कोंबडीचा पैसा तिचा. माझ्या दहावीच्या परीक्षेची फी तिनं पाच कोंबड्या विकून भरली होती. अण्णांना, माझ्या वडिलांना, हे पुढं कित्येक वर्षांनी कळलं. तेव्हा त्या तीन कोंबड्या मेल्या म्हणजे किती रुपये गेले, असं कुणी विचारलं की मला उत्तर देता येत नाही. रुपयांचा हिशेब सोपा आहे. पण त्यांतल्या दोन तलंगा होत्या, पुढच्या पंधरवड्यात अंड्यावर आल्या असत्या.

समोरच्या कडब्याच्या गंजीखाली पिसं सापडली. भुऱ्याच्या ओठाला एक पीस चिकटलेलं होतं. तो आमच्याकडं बघून शेपटी हलवत होता.

"मावशी, तुमचं कुत्रं कोंबड्या मारायलंय," आई म्हणाली.

"आमचं न्हाई बाई. ते रातभर दारातच होतं." म्हातारीनं कुत्र्याकडं न बघताच सांगितलं. त्या घरात त्या वेळी दोनच आधार होते, नातू आणि कुत्रं. त्यांतल्या एकावर आळ आला तर ती काय कबूल करणार? पण संध्याकाळी ती काठी टेकत आली, ओट्यावर बसली, पदराची गाठ सोडली आणि शंभराच्या दोन घड्या झालेल्या नोटा आईच्या पुढ्यात ठेवल्या. काही बोलली नाही. मला वाटलं आई त्या परत करील. मी तसं डोळ्यांनी सुचवलंही. आईनं एक नोट उचलली, एक म्हातारीच्या हातात दिली, आणि आपल्याजवळची नोट कोंबड्यांच्या पैशांच्या डब्यात टाकली. रात्री मी तिच्यावर चिडले. ती म्हणाली, "घेतलं नसतं तर उद्यापासून ती आपल्या दारात यायची न्हाई. लाज वाटली असती तिला." मी शहरात पंधरा वर्षं राहिले, माणसांशी वागायच्या रीतीवर कितीतरी ऐकलं. हे वाक्य मला तिथं कुणी सांगितलं नव्हतं.

दुसऱ्या दिवशी वस्तीवर सल्ले सुरू झाले. कुत्रं चटावलं, आता सुटायचं नाही. तोंडाला रक्त लागलं. मेलेली कोंबडी त्याच्या गळ्यात बांधा, सडेपर्यंत राहू द्या, परत नाव घेणार नाही. हा उपाय मी लहानपणापासून ऐकत आलेय. पुण्यातल्या ओळखीच्या एका पशुवैद्य बाईंना मी फोन केला, तेव्हा त्यांनी आधी एकच प्रश्न विचारला: खाल्ली का? नाही म्हटल्यावर त्या म्हणाल्या, मग भूक नव्हे, खेळ आहे. खेळ हा शब्द ऐकून मला रागच आला. पण त्यांनी समजावलं ते असं. लांडग्याची शिकार ही एका दोरीत ओवलेली असते: नजर रोखणं, दबा धरणं, धावणं, पकडणं, मारणं, खाणं. माणसानं हजारो वर्षांत कुत्रा घडवताना ती दोरी जागोजागी तोडली. कुणात नजर रोखणं उरलं, कुणात धावणं, कुणात पकडणं. फडफडणारं काहीतरी समोरून पळालं की उरलेला तुकडा जागा होतो. कोंबडी पडली की फडफड थांबते, त्याचंही धावणं थांबतं; मग दुसरी फडफडते. म्हणून तीन. म्हणून न खाता. आणि नंतर मारून काही उपयोग नाही, कारण सकाळच्या कोंबडीचा आणि दुपारच्या काठीचा संबंध त्याच्या डोक्यात लागत नाही. सडलेलं मढं गळ्यात बांधून आपलं समाधान होतं, त्याला कळत काहीच नाही.

पुढच्या वर्षी, डिसेंबर २०२१ मध्ये, आमच्याच जिल्ह्यातलं लवूळ जगभर गाजलं. माजलगाव तालुक्यातल्या त्या गावात वानरं कुत्र्यांची पिलं उचलून झाडावर, घराच्या छतावर नेत होती आणि पिलं पडून, उपाशी राहून मरत होती. वन विभागानं दोन वानरं पकडून नेली. कुत्र्यांनी वानराचं पिलू मारलं म्हणून वानरांनी बदला घेतला, अडीचशे कुत्री मारली, असं देशोदेशीच्या बातम्यांत आलं. लोकांनी चित्रं काढली, बाजू घेतल्या. मला ती बातमी वाचताना आमच्या वस्तीवरचा तो 'चटावलं' हा शब्द आठवत होता. बदला, चटक, खुन्नस, हे सगळे आपले शब्द. ते जनावराच्या गळ्यात अडकवले की काय करायचं ते आपोआप ठरून जातं. बदला घेणाऱ्याला पकडायचं, चटावलेल्याला मारायचं. आणि लवूळच्या ज्या माणसाच्या डोळ्यांदेखत त्याच्या दारचं पिलू वर नेलं गेलं, त्याला त्या बातमीत जागाच राहत नाही.

त्या नोव्हेंबरात शेजारच्याला फोन लावला तो आईनं. दिवसभर उसात, रात्री खोपीवर. रात्री नऊला लागला. आवाजामागं कुणाचं तरी बाळ रडत होतं. आईनं सांगितलं, तसा तो गप्प झाला. मग म्हणाला, "काकू, मारून टाका त्याला. माझं काई म्हननं न्हाई."

फोन मोठ्या आवाजावर होता. त्याचा मुलगा आमच्याच ओट्यावर माझ्या मोबाइलवर शाळेचा धडा बघत बसला होता. त्यानं मान वर केली नाही. बोट मात्र स्क्रीनवर थांबलं.

त्या एका वाक्याचा मी पुढं खूप विचार केला. आधी तो मला निर्दय वाटला. पण उचल घेऊन शेकडो किलोमीटरवर बांधला गेलेला माणूस नुकसानीची भरपाई म्हणून काय देऊ शकतो? पैसे फिटलेले नाहीत, येता येत नाही, हात दुसऱ्याच्या उसात. त्याच्या मालकीचं, त्याच क्षणी देता येईल असं फक्त कुत्रं होतं. ते त्यानं दिलं. पाठोपाठ त्याच्या बायकोचा आवाज आला, "काकू, बांधून ठिवा. मी आल्यावर भरून देते. पोराला सांगू नका यांनी काय म्हनलं ते."

मारायची सोयही घरात होती. ज्वारीला हुमणीचा त्रास झाला तेव्हा आणलेल्या थिमेटची उरलेली पुडी गोठ्याच्या वळचणीला होती. भावकीतला एक मुलगा सांगून गेला, भाकरीत चिमूटभर, सकाळपर्यंत मोकळं. केंद्र सरकारनं फोरेटवर, म्हणजे याच औषधावर, ३१ डिसेंबर २०२० पासून बंदी घातली. आमच्या घरातल्या या बोलण्यानंतर दीड महिन्यानं. अण्णा कुत्र्याच्या बाजूचे नव्हते, त्यांना तर पहिल्यापासून त्याचा राग. पण पुडीचं नाव निघालं तसे ते उठले, वळचणीतून ती काढली आणि त्यांनी ती कुठं नेली ते आम्हाला आजवर सांगितलेलं नाही. एवढंच म्हणाले, "ते घरात नकोच होतं." आमच्या जिल्ह्यात ज्यांनी घरं बघितली आहेत त्यांना यापुढं सांगायला नको. कुत्र्यासाठी काढलेली पुडी कुत्र्यावर थांबत नाही. मेलेलं कुत्रं कावळे टोचतात, दुसरी कुत्री फाडतात, उरलेली चिमूट कुणाच्या तरी वाईट रात्री सापडते.

कायद्यात शोधायला गेले तेव्हा एक गोष्ट दिसली. आमच्याकडं गावोगाव कोंडवाडे होते, दुसऱ्याच्या पिकात शिरलेली गुरं तिथं कोंडायची, दंड भरून सोडवायची. इंग्रजांच्या १८७१ च्या गुरांच्या कायद्यात हत्ती, उंट, घोडे, गाढवं, मेंढ्या, शेळ्या, डुकरं अशी सगळी यादी आहे. कुत्रा नाही. कारण तो पीक खात नाही. २०२० साली लागू असलेल्या दंड संहितेत दहा रुपये वा त्याहून अधिक किमतीचं जनावर मारणं हा गुन्हा होता, कुत्र्याला विष घालणं त्यात येत होतं. जनावर नीट न राखल्याचा गुन्हाही होता, पण माणसाच्या जिवाला धोका किंवा जबर दुखापतीची शक्यता असेल तर. कोंबडीसाठी माणसाला फार तर भरपाईचा दावा लावता येतो. दोनशे रुपयांच्या कोंबडीसाठी दिवाणी कोर्ट कोण चढेल? २०२५ च्या ऑगस्टमध्ये सर्वोच्च न्यायालयात दिल्लीच्या कुत्र्यांवरून दोन आदेश निघाले, आधी सगळ्यांना निवाऱ्यात डांबा असा, मग अकरा दिवसांनी नसबंदी आणि लस करून परत सोडा असा. तेव्हा शहरांत मोठा वाद पेटला. मी तो रोज वाचत होते. त्यात पाळीव आणि भटकं एवढे दोनच कप्पे सगळे धरून होते. कुत्र्यांच्या नसबंदीच्या २०२३ च्या नियमांनी 'समुदायातले प्राणी' असा शब्द आणला खरा. तरी भुऱ्या कुठल्या कप्प्यात बसेल हे मला आजही ठरवता येत नाही. त्याला मालक आहे, नाव आहे, दार आहे. आणि वर्षातले सहा महिने यांतलं फक्त दार उरतं.

त्या नोव्हेंबरात शेवटी ठरलं असं की भुऱ्याला दिवसा बांधायचं. पण ते ठरल्याला आठवडा व्हायच्या आत आष्टी तालुक्यात बिबट्यानं माणसं मारली. एक लहान मुलगाही गेला. संध्याकाळी सहानंतर माळावर चिटपाखरू दिसेना, तुरीत कुणी जाईना, लघवीलाही लोक दोघं-दोघं उठू लागले. आणि त्या रात्रींत, ज्याच्या मरणाचा विचार आम्ही करून बसलो होतो, तोच एकटा जागा होता. नाल्याच्या अंगाला काही खुडबुडलं की भुऱ्याचा आवाज बदलायचा. घसा ओढून, मागं सरकत भुंकायचा. अण्णा उठून डबा वाजवायचे.

मग लक्षात आलं की बांधलेलं कुत्रं म्हणजे बिबट्याचं ताट. नगर जिल्ह्यातल्या अकोले भागात विद्या अत्रेय आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी बिबट्याच्या विष्ठेवरून त्याचं खाणं शोधलं होतं, त्यात वजनाच्या हिशेबानं सुमारे ३९ टक्के वाटा एकट्या कुत्र्याचा निघाला. शेळ्यांपेक्षा किती तरी जास्त. सोडलं तर दिवसा कोंबड्या जातात, बांधलं तर रात्री कुत्रं जातं. आईनं यावर फारसा विचार केला नाही. अंधार पडायला लागला की ती समोर जायची, साखळी सोडायची, आणि भुऱ्याला आमच्या शेळ्यांच्या गोठ्यात आणून दार लावायची. दाराच्या एका बाजूला शेळ्या नि कुत्रं, भिंतीच्या पलीकडं खुराडं. पहिल्या रात्री कोंबड्या झोपल्याच नाहीत. कोंबडीचा ओरडा दोन तऱ्हेचा असतो, आकाशातल्या घारीसाठी वेगळा आणि जमिनीवरच्या वैऱ्यासाठी वेगळा. रात्रभर दुसरा चालू होता. चौथ्या-पाचव्या रात्री थांबला. डिसेंबरात तो बिबट्या पलीकडं करमाळा तालुक्यात गोळी घालून मारला गेला. आमच्याकडं डबे वाजवणं बंद झालं, पण भुऱ्याचं गोठ्यात येणं चालू राहिलं.

दिवसाचं काम जास्त कष्टाचं होतं. आधी अण्णांनी ओढाळ जनावराच्या गळ्यात घालतात तसं बाभळीचं लोढणं त्याच्या गळ्यात घातलं. पळायला लागलं की गुडघ्याला लागतं. दोन दिवसांत मान सोलवटली, ते काढलं. कुपाटी होतीच, पण बोरीच्या काट्यांखालून कुत्रं पोट घासत येतं. मग जाळी आणली. जाळी लावायचीही एक रीत आहे. जमिनीत सरळ गाडली तर कुत्रं तिच्या मुळाशी उकरतं. खालची दीड फूट जाळी बाहेरच्या अंगाला दुमडून जमिनीवर पसरायची, वर माती, मातीवर दगड. कुत्रं जाळीला चिकटून उकरायला जातं, पंजाला तार लागते, थांबतं. दीड फूट मागं सरकून उकरावं हे त्याला सुचत नाही. वरूनही झाकायची, घारीसाठी आणि बोक्यासाठी. आणि लहान पिलांची कोंबडी जाळीतसुद्धा डालग्याखालीच, डालग्यावर दगड. आईचा हा दगड माझ्या लहानपणापासूनचा आहे, नाल्यातला, पाट्यासारखा सपाट.

जाळीच्या बाहेर रोज सकाळी म्हातारीचा नातू भुऱ्याला दोरीला धरून बसायचा. आई आत दाणे टाकायची. कोंबड्या धावल्या की भुऱ्याचे कान ताठ व्हायचे, नजर लागायची. त्याच क्षणी पोरानं हाक मारायची. त्यानं मान वळवली की भाकरीचा तुकडा. नाही वळवली तर उठून लांब न्यायचं आणि पुन्हा यायचं. पशुवैद्य बाईंनी एवढंच सांगितलं होतं: मारल्यावर शिक्षा नको, धावायच्या आधी हाक. पोरानं ते अडीच महिने केलं. पहिल्या आठवड्यात भुऱ्या दहातली एक हाक ऐकायचा. पोर मला रोज आकडा सांगायचं, कोळशानं भिंतीवर रेघा ओढायचं. मी त्या रेघांचा फोटो त्याच्या आई-बापाला पाठवला. उत्तर आलं नाही. पण दुसऱ्या दिवसापासून बापाचा फोन आला की पहिला प्रश्न तोच असायचा, आज किती.

भाकरी घातली म्हणून कोंबड्या वाचल्या, असं मी म्हणणार नाही. पोट भरलेलं कुत्रंही धावतं. आमच्या नरसीच्या नामदेवांची गोष्ट लहानपणी सगळ्यांनी ऐकलेली असते, कुत्र्यानं पोळी पळवली आणि ते तुपाची वाटी घेऊन मागं धावले. मला ती फार आवडायची. त्या हिवाळ्यात मात्र ती अपुरी वाटू लागली. पोळी पळवली तर तूप घेऊन धावता येतं. कोंबडी पळवली तर काय घेऊन धावायचं? मग आठवली ती चक्रधर स्वामींची लीळा. शिकाऱ्यांच्या कुत्र्यांपुढून पळत आलेला ससा स्वामींच्या मांडीखाली शिरतो, ते त्याला देत नाहीत. गेवराई तालुक्यात गोदेकाठी पांचाळेश्वर आहे, महानुभावांचं मोठं तीर्थ. तिथं एका बाईंनी मला ती डोळ्यांत पाणी आणून सांगितली होती. सगळे त्या सशाचं बघतात. माझं लक्ष त्या कुत्र्यांकडं जातं. दमलेली, जिभा बाहेर आलेली, कुणीतरी मागं सोडलेली. त्यांना परत बोलावणारं कुणीतरी तिथं असायला हवं होतं.

जानेवारीत एक पिलू गेलं. पोराला ताप आला होता, त्या दिवशी बैठक झाली नाही, साखळीची कडी निसटली. एक पिलू जाळीबाहेर राहिलं होतं, गेलं. आई पोराला काही बोलली नाही. भुऱ्याकडं मात्र दोन दिवस तिनं पाहिलं नाही; साखळी सोडायला मला पाठवलं. त्याच महिन्यात परभणीच्या मुरुंब्याला शेकडो कोंबड्या बर्ड फ्लूनं मेल्या आणि आमच्याच तालुक्यात मुगगावला कावळे मरून पडले. जिथं रोग सापडतो तिथून एक किलोमीटरच्या आत सगळ्या कोंबड्या मारतात. आई रोज सकाळी लिंबावर किती कावळे बसलेत ते मोजायची. एका कुत्र्यापासून वाचवलेल्या सतरा-अठरा कोंबड्या अशा एका आदेशात जातील या भीतीनं ती जेवेना झाली. आमच्यापर्यंत आलं नाही.

एप्रिलच्या पहिल्या आठवड्यात हंगाम संपून कारखान्याचा पट्टा पडला. ट्रॅक्टर रात्री दोनला आला. तो फाट्यावर असतानाच भुऱ्यानं गोठ्यात दाराला धडका द्यायला सुरुवात केली, शेळ्या उठल्या, कोंबड्या ओरडल्या. आईनं दार उघडलं. चांदणं होतं. चार-साडेचार महिने त्याला आमच्या हातची भाकरी होती, आमच्या दाराआड तो झोपला होता. तरी तो आमच्याकडं मागं वळूनही न बघता खुराड्यासमोरून सरळ पळत गेला. मला त्याचं वाईट वाटलं नाही. उलट बरं वाटलं, का ते नीट सांगता येत नाही.

सकाळी शेजारीण आली ती पदराखाली एक तलंग घेऊन. खोपीवर वाढवलेली, काळी, पायांत पिसं असलेली. "तीन न्हाई झाल्या काकू. एकच जगली," असं म्हणून तिनं ती आईच्या मांडीवर ठेवली. आईनं तिला पाणी पाजलं, पंख उचलून पिसवा बघितल्या, आणि डबा उघडून म्हातारीची नोव्हेंबरातली शंभराची नोट शेजारणीच्या हातात दिली. तिनं ती घेतली. नवरा बाहेर लिंबाखाली उभा होता. भिंतीवरच्या पोराच्या रेघा तो बोटानं मोजत होता आणि मध्येच चुकून पुन्हा पहिल्यापासून सुरुवात करत होता.

पुढच्या दिवाळीला ते पुन्हा निघाले. पोर याही वेळी सोबत गेलं नाही, शाळा सुरू झाली होती. निघायच्या आदल्या संध्याकाळी शेजारीण आली, साखळी आमच्या ओट्यावर ठेवली आणि आईला नुसतं म्हणाली, "हिथंच असू द्या."

ट्रॅक्टर गेला तसा भुऱ्या फाट्यापर्यंत पळाला. रात्री आईनं गोठ्याचं दार उघडं ठेवलं, दोनदा हाक मारली. आला नाही. तो त्यांच्या बंद खोलीच्या उंबऱ्यावर पडून राहिला, म्हातारीनं टाकलेला तुकडाही त्याच्यापुढं तसाच होता. सकाळी काळी कोंबडी डालग्याखाली पिलं घेऊन ओरडत होती. आईनं आधी समोर जाऊन भुऱ्याच्या गळ्यात साखळी घातली, ती ओढून दोनदा बघितली, मग परत आली आणि दगड बाजूला केला.